एकवीस दिवसाचं पानी

माही स्लॅब गळत नाही. हे मी सहा वर्षं घसा फोडून सांगून राहिलो होतो, आन सहा वर्षं चिचटोल्यातलं कोनी आयकाले तयार नव्हतं. आयकत होते म्हना, पन हसत हसत.

मी धनीराम मिस्तरी. चिचटोला म्हनजे करडीपासून दोन कोसावर, तलावाच्या पाळीले लागून असलेलं शंभर-सव्वाशे घराचं गाव. घरं मातीची, वरतून कवेलू. भिंती मी बांधतो, चुली मी बांधतो, पन स्लॅब टाकाचं काम मी तुमसरले आठ वर्षं उस्तादाच्या हाताखाली सिमेंटचा गारा वाहून शिकलो. सरकारनं एकोणऐंशी साली गावाले बाळंतिणीचा दवाखाना देला, तीन खोल्या आन एक पडवी. ठेकेदार भंडाऱ्याचा होता, सळाखी नागपूरच्या होत्या, पन स्लॅब टाकली ती या धनीरामनं. साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद, आन एका अंगाले दोन बोटं उतार. पानी टाकलं की मुकाट्यानं पन्हाळीकडे चालाले लागे.

आन त्याच साली, पोळ्याच्या दिवशी, बाळंतिणीच्या खाटेवर टपकन थेंब पडला. पहिले एक. मंग दहा. मंग खोलीत बालटी ठेवा लागली. तवापासून माहं नाव धनीराम मिस्तरी राहिलं नाही, "गळका मिस्तरी" झालं. पोट्टे तोंडावर म्हनत, मोठे पाठीमागं म्हनत.

आता माहा सोभाव तापट आहे, हे मी कबूल करतो. नत्थू कोतवाल एकदा माह्या ताज्या पलस्तरावर तंबाखू थुंकला, तं मी हातात थापी घेऊन त्याले तलावापर्यंत पळवलं होतं. तो पान्यात उतरला म्हनून वाचला. पन कामात माहा हात थंड आहे. घाई नाही, चोरी नाही. सिमेंट कमी घालून वाळू वाढवनारा मानूस मी नव्हे. मंग गळते काहून? मी ठेकेदाराले शिव्या देल्या, ओव्हरसियरले देल्या, सिमेंटच्या कंपनीले देल्या. पाऊसही सोडला नाही. गाव आयकून घे आन म्हने, "हाव गा, तुही स्लॅब चांगली, पानीच खराब."

ब्याऐंशी साली मंदाबाई नर्स म्हनून आली. वर्ध्याकडची बाई, उंच, बोलाले सुरीवानी. पहिल्याच पावसाळ्यात तिनं मले पडवीत बोलावलं.

"धनीरामभाऊ," ती म्हने, "तुमच्या स्लॅबखाली मी आतापर्यंत चार बाळंतपणं छत्री धरून केली. एका हातात छत्री, एका हातात लेकरू. हे मले कोणत्या शाळेत शिकवलं नव्हतं."

"बाई, माही स्लॅब गळत नाही," मी म्हनलं.

"मंग हे काय आहे, तीर्थ?" तिनं बालटी दाखवली.

 त्या दिवशी माहं जेवनावरून मन उडालं.

सहा वर्षं मले एकही स्लॅब भेटली नाही. कोनाच्या गोठ्याची भिंत, कोनाच्या विहिरीच्या तोंडाची जगत, कोनाची चूल, असंच. आठ वर्षं शिकलेला हात चुली थापत बसला. मंग पंच्याऐंशी साली गावाले हायस्कूल मंजूर झालं. दोन वर्ग खाली, दोन वर्ग वर. दुमजली, बाप्पा! आमच्या भागात दुमजली बांधकाम म्हनजे मिस्तरीच्या जन्माचं सोनं. ठेकेदार नवा होता आन सरपंच भैय्याजीच्या शब्दाबाहेर नव्हता. मी भैय्याजीकडे गेलो.

भैय्याजी खाटेवर बसून दाढी करून राहिले होते. आरशातूनच माह्याकडे पाहिलं.

"धनीराम, तू आपला मानूस आहेस गा. पन दवाखान्याची स्लॅब गळून राहिली, ते लोढणं आपल्या गळ्यात आहे. त्याच मिस्तरीले शाळेची कशी देऊ? लेकरं बसतीन खाली. लोकं मले खातीन."

"आन मी सिद्ध करून दाखवलं, की दोष माहा नाही, तं?"

"तं तुही शाळा," भैय्याजी म्हनले आन वस्तरा गालावरून ओढला. कसं सिद्ध करनार, हे त्यायनं विचारलं नाही. त्यायले वाटलं, हे होनार नाही.

पन मी भंडाऱ्याले बांधकामाच्या हपिसात जाऊन बसलो. एक दिवस नाही, चार दिवस. चवथ्या दिवशी एका बाबूले माही कीव आली. त्यानं सांगितलं, की नागपूरच्या इंजिनियर लोकायकडे विलायतेची एक मशीन आली आहे. ती कॅमेऱ्यासारखी आहे, पन उजेड पाहात नाही, ऊन-थंड पाहाते. भिंतीत पानी कुठं मुरलं ते भिंत न फोडता सांगते. मशीन नवी आहे, तवा तपासून पाहाले त्यायले गळक्या इमारती पायजेत आन कोनी देऊन नाही राहिलं.

मी तिथंच अर्ज लिहून घेतला. बाबू चष्म्यावरून पाहाले लागला. "ज्याची इमारत गळते तो लपवते. गळते म्हणून अर्ज देणारा तू पहिलाच दिसला बुवा."

"गळते म्हनून नाही देऊन राहिलो, साहेब. गळत नाही म्हनून देऊन राहिलो!"

बाबूनं डोक्याले हात लावला, पन ठप्पा मारला.

घरी आलो तवा माही बायको रुखमा सुपात तांदूळ पाखडून राहिली होती. मी सगळी गोठ सांगितली. तिचा हात थांबला.

"कायले लफडं करता जी?" ती म्हने. "जाऊ द्या ना. सहा वर्षं झाली. लोकं इसरून राहिले."

"लोकं इसरून राहिले? काल पानठेल्यावर मले कोनी काय म्हनलं, तुले सांगू का?"

"म्हनू द्या. आपलं का बिघडते?"

माहं डोस्कं फिरलं. मी म्हनलं, "रुखमे, साऱ्या गावाले माह्यावर भरवसा नाही ते समजलो. तुलेही नाही?"  ती परत तांदूळ पाखडाले लागली, पन कोंडा सुपातच राहून तांदूळच खाली पडून राहिले होते. मले वाटलं, रागानं.

गोठ गावात पसरली आन गंमत पाहा. ज्यायनं सहा वर्षं मले गळका म्हनलं, त्यायले एकदम माह्यावर माया आली. नत्थू कोतवाल तलावातली ताजी मासोळी घेऊन दारात. "घे धनीराम. आन हे पाय, ते मशीन-फिशीन कायले गा? सरकारी मानसं आले का धा गोष्टी निघतेत." भैय्याजी आपल्या पायानं चालत माह्या घरी आले, जन्मात आले नव्हते. म्हनले, "शाळेचं पलस्तर तुले देतो. आतूनही, बाहेरूनही. मशीन राहू दे." मी मनात म्हनलं, वारे लेकहो! आता माहं खरं ठरन म्हनून पोटात दुखून राहिलं काय? मासोळी मी ठेवून घेतली आन पलस्तराले नाही म्हनलं.

दसरा झाला, पाऊस उघडला, बांध्यात, पाळी घातलेल्या चौकोनी शेतायत, धान पिवळा पडाले लागला. तवा एका दुपारी नागपूरची जीप आली. चष्मेवाले साहेब, एक ड्रायवर, एक हाताखालचा मानूस आन पेट्याच पेट्या. एक पेटी उघडली तं कॅमेरा, पन कोनताही फोटोवाला उचलनार नाही एवढा जड. दुसरीत टीव्हीसारखा बारका पडदा. तिसरी म्हनजे दुधाच्या कॅनसारखा डबा. त्याचं झाकन काढून साहेबानं कॅमेऱ्यात काहीतरी ओतलं तं पांढरी वाफ जमिनीवर सांडली. लोकं मागं सरले.

"गरम आहे का साहेब?" नत्थूनं विचारलं.

"उलट. इतकं थंड की बोट घातलं तर तुटेल," साहेब म्हनले. "कॅमेऱ्याचा डोळा आधी गारठवावा लागतो. तो स्वतःच गरम असला तर दुसऱ्याची उष्णता त्याला काय दिसणार?"

मले ते पटलं. साहेब चांगला मानूस होता, मिस्तरीशी मिस्तरीसारखा बोले. त्यानं समजावून सांगितलं: दिवसभर ऊन पडलं की सगळी स्लॅब तापते. दिवस बुडला की कोरडं असते ते लवकर निवते, पन जिथं आत पानी आहे ती जागा ऊब धरून ठेवते. पडद्यावर गरम ते पांढरं, थंड ते काळं. म्हनजे स्लॅबवर जिथं पांढरं, तिथं पानी.

दिवस बुडाले घडीभर होती, तवर साहेबानं कॅमेरा लोकायकडे फिरवून दाखवला. सगळे पांढरे भुतं! नाकं काळी, कपाळं पांढरी. मंदाबाई म्हने, "याच्यानं ताप समजन का हो? माहं थर्मामीटर फुटलं आहे." कोनी म्हने, नत्थूची हरवलेली बकरी दिसते का पाहा. कॅमेरा माह्यावर आला आन माहं डोस्कं पडद्यावर सगळ्यात पांढरं फक दिसलं. लोकं हसून हसून लोळले. मीही हसलो. आज हसून घ्या म्हनलं, लेकहो.

एक रुखमा तेवढी हसली नाही. ती विहिरीपाशी बायांच्या मागं उभी होती, पदर दातात धरून.

मंग कॅमेरा शिडीनं वर चढवला. लांब वायर खाली सोडली आन पडदा आंगनात मंदाबाईच्या टेबलावर ठेवला. दिवस बुडला. सगळं गाव त्या टेबलाभोवती गोळा झालं.  साहेब खालून ओरडून सांगत, "जरा डावीकडे. अजून. थांब."

पहिले काहीच समजेना, राखेसारखं सगळं. मंग हळूहळू उमटलं. काळ्या जमिनीवर चार पांढरे चौकोन. चारही सारखे नाहीत, दोन मोठे, दोन लहान, पन कडा सरळ, जसे दोरी धरून आखले. मधात काळ्या रेघा. एका रेघेले एका जागी थोडीशी खांड.

साहेब पडद्यात नाक घालून पाहात राहिले. "कमाल आहे," ते म्हनले. "मिस्त्री, इकडे या. स्लॅब वाईट टाकली असती तर डाग कसेही दिसले असते, इथे एक, तिथे एक. हे पाहा, कडा कोरड्या, कोपरे कोरडे, या मधल्या रेषांखालीही काँक्रीट ठणठणीत आहे. पाणी फक्त चौकोनांच्या आत मुरतंय. माझ्या मते स्लॅब ताजी असतानाच कोणीतरी आतला भाग तुडवला आणि खरवडला आहे. तुमच्या कामात खोट नाही."

तुमच्या कामात खोट नाही! सहा वर्षं, बाप्पा, हे चार शब्द आयकासाठी मी जगून राहिलो होतो. मी गर्रकन गावाकडे फिरलो. "आयकलं का गा? आयकलं का सगळ्यायनं? भैय्याजी, आयकलं?"

 कोनी माह्याकडे पाहूनच नव्हतं राहिलं. सगळे पडद्याकडे पाहून राहिले होते, आपल्या वावराकडे पाहाते तसं. आन तेवढ्यात पुढं बसलेली धुरपताबुढी, सत्तरीची, जिले मनातलं मनात ठेवता येत नाही, ती एकदम खुश होऊन बोलली, "अवो माय! ह्या तं आपल्या बांध्या होत!" आन बोट लावून दाखवाले लागली. "हे भैय्याजीची. हे नत्थूची. हे खांडवाली आमची. आन कोपऱ्यातली बारकी, ते रुखमाची."

मंग तिलेही समजलं, काय बोललो ते. तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणतात आजी?" साहेबानं विचारलं. ते पुन्याकडचे होते, त्यायले बुढीची बोली समजली नव्हती. गावातलं कोनीच समजवाले पुढं आलं नाही. भैय्याजी खाली पाहून चपलेनं माती उकरून राहिले होते.

मी लोकायतून वाट काढत विहिरीपाशी गेलो. रुखमाचा हात धरला आन तिले विहिरीच्या मागं नेलं. "बोल," म्हनलं.

ती रडली नाही. सहा वर्षं तयारी करून ठेवल्यासारखी सरळ बोलली.

"तुम्ही स्लॅब टाकली आन दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीले गेले, खदानीच्या मजुरायच्या कॉटरी बांधाले. मले सांगून गेले, एकवीस दिवस स्लॅबवर पानी आटू द्यायचं नाही. आटलं तं स्लॅब तडकन. काठाकाठानं मातीची पाळ तुम्हीच बांधून देली होती. ठेकेदाराचा टँकर रोज वैनगंगेचं पानी आने, मी वर सोडत जावो. आन खाली? मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी. तलावात म्हसीच्या अंगाले लागन एवढा चिखल राहिला. टाकलेलं बियानं शेतात जळून गेलं. घरोघरी पायलीभर बियानं उरलं होतं, ते गेलं असतं तं धानाची लुचई जात गेली असती, चिन्नोर गेली असती, पुढच्या साली काय पेरनार होते? आन मी रोज घोटाभर पान्यात उभी, सरकारच्या डोक्यावर."

"मंग?"

"मंग पहिले धुरपताबाई आल्या. म्हने, रुखमा, पानी तं धरूनच आहेस, बियानं टाकू दे. मी नाही म्हनलं. मंग भैय्याजीची बायको आली. मंग नत्थू. आन मीही विचार केला जी. स्लॅबले एकवीस दिवस पानी लागते. धानाच्या रोपाले, परेलेही, एकवीसच दिवस लागतात. एकच पानी, दोघायचंही भलं होईन. तलावाचा गाळ वर नेला, चार बोटं. शेन टाकलं. चौघायच्या चार जाती, मिसळू नये म्हनून मधात धुरे, मातीचे बांध, घातले. आन चिखल केला."

"चिखल केला," मी म्हनलं. "कायनं?"

"पायानं. आन पावड्यानं."

माह्या दोन दिवसाच्या स्लॅबवर! जिच्यावर मी चिमनी बसू देत नव्हतो, तिच्यावर चार घरचे लोकं पावडे घेऊन नाचले होते. परे मोठे झाले, उपटले, पुनर्वसूत पानी आलं तवा चार घरी एकएक बांधी रोवली. मी येईन त्याच्या आदल्या दिवशी सगळ्यायनं मिळून गाळ खरवडून काढला, खराट्यानं घासला, धुतला. मी आलो, पाहिलं, आन मले आठवते ना, मी रुखमाले म्हनलं होतं, "अशी निगा कोनत्या मिस्तरीच्या बायकोनं ठेवली नसन." साऱ्या गावात सांगत फिरलो होतो. लोकं कसे मान हलवून राहिले होते, ते आता डोळ्यापुढं आलं.

आन त्या साली आमच्या घरी बियानं वाचलं, हेही मले ठाऊक होतं. मी समजत होतो, देवानं वाचवलं. पुढच्या साली निम्म्या गावानं आमच्या चार घरचंच बियानं नेलं होतं. मी तोच भात खाऊन सहा वर्षं शिव्या देत होतो.

"मिस्त्री!" साहेबानं हाक मारली. "पंचनामा लिहायचा आहे. तुमच्या गावकऱ्यांपैकी कोणी काही बोलत नाही. स्लॅबवर पहिल्या महिन्यात काय झालं, हे तुम्हीच सांगू शकाल. कारण काय लिहू?"

मी टेबलाजवळ गेलो. रस्ता आपोआप मोकळा झाला. साहेबानं पेन धरून ठेवला होता. भैय्याजीच्या कपाळावर घाम होता. नत्थूनं कोतवालीचा पट्टा हातानं झाकून घेतला, जसं तो कोनी आत्ताच हिसकून नेन. सरकारी इमारतीवर शेती केली, सरकारी पान्यावर परे वाढवले, असा कागद झाला असता तं नत्थूची कोतवाली गेली असती, भैय्याजीची सरपंची गेली असती, आन पहिलं नाव लागलं असतं रुखमाचं, कारन पानी धराचं काम तिच्याकडे होतं. मंग माहं नाव सोन्यासारखं लख्ख. शाळा माही. दुमजली.

मले वाटलं होतं, असं काही समजलं तं मी गाव डोक्यावर घेईन. तोंड उघडलंही होतं. शिव्या जिभेवर रांगेत उभ्या होत्या, कोनती पहिले काढू एवढाच सवाल होता. पन भैय्याजीकडे पाहिलं तं त्याच्या मागं विहीर दिसे, आन विहिरीपाशी ती उभी होती. तिनं मले डोळ्यानं एक इशाराही केला नाही. करती तं बरं झालं असतं, मले राग तरी आला असता.

"लिवा," मी म्हनलं. "मिस्तरी गावात नव्हता."

"म्हणजे?"

"ओली स्लॅब टाकून मिस्तरी दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीले दुसऱ्या कामावर गेला. बावीस दिवस आला नाही. मागं स्लॅबचं काय झालं, ते त्यानं पाहिलं नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.  साहेबानं लिहिलं आन वाचून दाखवलं: स्लॅब टाकल्यानंतरच्या देखरेखीत मिस्त्रीची हयगय. खाली मी सही केली. दवाखान्याच्या दारावरच्या दगडावर मंत्र्याचं नाव आहे, सभापतीचं आहे, ठेकेदाराचंही आहे, माहं कुठंच नाही. सरकारी कागदावर माहं नाव आलं ते पहिल्यांदा तेव्हा, आन असं.

जीप गेली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवाले भैय्याजी दारात. आत आले नाहीत, बाहेरच उभे राहून म्हनले, "धनीराम, शाळा तुही गा. मी शब्द देला होता." डोळ्यात पानी होतं त्यायच्या. मी म्हनलं, "बसा, चहा घ्या." सहा वर्षानं मले वाटलं, चला, उशिरा का होईना.

महिन्याभरानं भंडाऱ्याचं पत्र आलं. ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचलं गेलं. दवाखान्याच्या स्लॅबवर नवा थर टाकाले मंजुरी भेटली, ते वाचून मंदाबाईनं टाळी वाजवली. आन खाली शेवटची ओळ होती: पाहनी अहवालात ज्या मिस्त्रीची हयगय नोंदली आहे, त्याले यापुढं कोनत्याही शासकीय बांधकामावर घेऊ नये. भैय्याजीनं ती ओळ दोनदा वाचली. मंग ते माह्याकडे पाहाले लागले आन मी त्यायच्याकडे.

असं झालं. सहा वर्षं गाव मले शिव्या देत होतं, पन माह्याविरुद्ध कागद नव्हता. आज भेटले का भैय्याजी हात जोडतात, नत्थू मासोळी आनते, धुरपताबुढी नवा तांदूळ पहिले माह्या घरी पाठवते, आन काम द्याची कोनाची ताकद नाही, कारन कागद आहे. आन तो कागद मी चार दिवस भंडाऱ्याच्या हपिसात बसून, अर्ज करून, ठप्पा मारून घेऊन आनला. एक मंदाबाई तेवढी मले भेटली का सुनावते, "पाहा, पंचनाम्यातही आलं ना शेवटी, तुमचीच चूक." तिले कोन समजवन? मी हाव म्हनतो.

शाळेची स्लॅब टाकाले तुमसरचा मिस्तरी आला. चांगला हात आहे पोराचा. भैय्याजीनं त्या स्लॅबवर दोन चौकीदार बसवले, आन शिडी रोज आपल्या घरी नेऊन ठेवत.

मी एकदा रुखमाले विचारलं. सकाळी, ती आंगन सारवून राहिली होती. म्हनलं, "सहा वर्षं तू मले तडफडताना पाहिलं. एकदा तरी सांगाचं होतं. कानात सांगाचं होतं."

ती सारवत राहिली. "सांगितलं असतं," ती म्हने, "तं तुमाले दोनच रस्ते होते. गळका मिस्तरी म्हनवून घ्यायचं, नाही तं मले साऱ्या गावापुढं उभं करून आपलं नाव धुऊन घ्यायचं. तुमी कोनतं केलं असतं?"

"साहेबापुढं काय केलं मी, ते पाहिलं नाही काय तू?"

"ते पंच्याऐंशीत. मी एकोणऐंशीचं विचारून राहिली."

मी बसलो.  खोटं बोलाची इच्छा झाली, बायकोशी कोन बोलत नाही? पन ती तशीच थांबली होती, हात शेनात, मान वर करून. तवा मी तरनाताठा होतो, तुमसरवरून नुकताच शिकून आलेला, पहिली स्लॅब, आन डोस्कं हे असं.

"तवा मी नाव निवडलं असतं," मी म्हनलं.

"मले ठाऊक होतं," ती म्हने, आन उरलेलं आंगन सारवाले लागली.